वीतभर आत

चौधरी सरांनी बाटली ट्यूबलाइटसमोर धरली आणि माझ्या हातात दिली. केळीच्या इवल्या रोपांच्या बुडाशी दुधाळ कडं धरलं होतं. तेवढं पुरेसं असतं. ती बाटली फेकायची, आणि तिच्याबरोबर भरलेल्या बाकीच्या बाटल्यांवरही संशय घ्यायचा.

"पुन्हा सात नंबर," सर म्हणाले. "मॅडम, मृगबाग तोंडावर आली. रावेरच्या शेतकऱ्यांना काय सांगू? तुमच्या रोपांना ताप आलाय?"

मृगबाग म्हणजे मृगाच्या सुमारास होणारी केळीची लागवड. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. जळगाव जिल्ह्यात टिश्यू कल्चर हा शब्द तेव्हा नवा होता. शेतकरी पिढ्यानपिढ्या मुनवे, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणारे कोंब, खणून लावत आले होते. आम्ही तोच कोंब सोलून त्याचा वाढीचा गाभा काढायचो आणि बाटलीतल्या जेलीत वाढवायचो. फुटवे आले की ते कापून नव्या बाटल्यांत भरायचे, पुन्हा वाढवायचे, पुन्हा कापायचे. रोपाला जे आवडतं ते जेलीत असतं. पण बुरशीला आणि जिवाणूंनाही तेच आवडतं. हवेतला एक कण आत गेला तरी बाटली गेली. याला आम्ही कन्टॅमिनेशन म्हणतो.

म्हणून कापाकापी लॅमिनार फ्लोवर होते. हे एक स्टीलचं टेबल असतं. त्याची मागची भिंत फिल्टरची असते आणि तिच्यातून गाळलेली हवा समोर बसलेल्या व्यक्तीच्या दिशेने संथ वाहत राहते. टेबलाच्या कडेपासून वीतभर आत काम करायचं, हा पहिला नियम. कडेवर खोलीतली हवा आणि गाळलेली हवा एकमेकींत मिसळतात. तिथे सुरक्षितता नाही.

मी धुळ्याची. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून या कंपनीत लागले आणि लवकरच ट्रान्स्फर रूमची इनचार्ज झाले. ट्रान्स्फर रूम म्हणजे जिथे ही सगळी टेबलं असतात ती एअरकंडिशन्ड खोली. त्या वर्षी कंपनी एकाला प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवणार होती. ते नाव माझं असावं, अशी माझी इच्छा होती आणि मी ती लपवत नव्हते. त्यामुळे सात नंबरचं दुधाळ कडं मला वैयक्तिक अपमानासारखं वाटत होतं.

सात नंबरवर शोभा बसायची. धरणगावच्या बाजूच्या खेड्यातून रोज एसटीने येणारी, तिशीची, अबोल बाई. तिची कापणी सगळ्यांत सुबक. नव्या मुलींना मी तिच्या शेजारी बसवत असे.

मी शिकवल्याप्रमाणे क्रमाने गेले. आधी फिल्टर तपासला. ठीक होता. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे बाटल्या निर्जंतुक करणारा मोठा कुकर; तोही ठीक. मग जेली, मग स्पिरिट. शोभाला चार नंबरवर बसवलं आणि चार नंबरच्या मुलीला सातवर. आठवड्याभराने सात नंबर स्वच्छ निघाला आणि चार नंबरवर दुधाळ कडी आली. म्हणजे दोष टेबलात नव्हता, तो शोभाबरोबर फिरत होता.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. खराब बाटल्यांवरच्या तारखा पाहिल्या तर त्या बहुतेक सोमवारच्या असत. काही मंगळवारच्या. गुरुवार-शुक्रवारचं काम जवळजवळ निर्दोष. रविवारी एसी बंद असतो, म्हणून सोमवारी हवा दूषित असेल असं मी मानलं. पण मग ती एकट्या शोभालाच का बाधावी?

चौधरी सरांचा नियम साधा होता. ज्या बाईचं कन्टॅमिनेशन वाढेल, तिला बाटल्या धुण्यावर टाकायचं. धुण्याचं काम मागच्या शेडमध्ये, पत्र्याखाली. पगार कमी, पण पगाराहून मोठी गोष्ट वेगळीच होती. एसीतून शेडमध्ये गेलेली बाई संध्याकाळी ओल्या साडीने एसटीत चढायची आणि सगळ्या गावाला कळायचं.

मी मुदत मागितली. सरांनी दिली, पण कपाळाला आठ्या घालून.

मग मी हातांची तपासणी केली. सगळ्यांसमोर. शोभाला पुन्हा हात धुवायला लावले आणि तिची बोटं जेलीच्या प्लेटवर टेकवून घेतली. नखांत काही असेल तर दोन दिवसांत प्लेटवर उगवतं. इतर मुली मास्कआडून पाहत होत्या. शोभाने बोटं टेकवली, हात पुसला आणि जागेवर जाऊन बसली. दोन दिवसांनी प्लेट पाहिली. तिच्यावर काहीही उगवलं नव्हतं. तुलनेसाठी मी माझीही बोटं टेकवली होती. माझ्या प्लेटवर दोन ठिपके होते.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. काचेच्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून नुसती पाहत बसले.

पहिला काही वेळ शोभाचे हात नियमाप्रमाणे आत होते. मग ट्रे थोडा अलीकडे आला. मग आणखी थोडा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिची दोन्ही कोपरं टेबलाच्या कडेवर टेकली होती आणि चिमटा, सुरी, उघडी बाटली, सगळं कडेवर आलं होतं. उजवीकडचं काही घ्यायचं झालं की ती मान वळवत नव्हती, स्टुलासकट सगळं अंग वळवत होती. हे कशाचं लक्षण आहे हे ओळखायला मला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. मी स्वतः तशीच वळत असे.

शोभाला बाहेर बोलावून विचारलं, मान दुखते का. नाही म्हणाली. खांदा? नाही. मग ट्रे अलीकडे का ओढतेस? तिने उत्तर दिलं की उजेड तिकडे बरा पडतो. उजेड सगळीकडे सारखाच होता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

सोमवारचं कोडं सोडवायचं तर रविवार पाहायला हवा. मी शनिवारी तिला सांगितलं की तुमच्या भागात बिबड्या छान होतात असं ऐकलंय, मला पाहायच्यात. धुळ्यालाही घरोघरी बिबड्या होतात; तिथल्या मुलीने त्या पाहायला यावं, हे ऐकून तिला बिचारीला हसू आलं. पण पाहुण्याला नाही कसं म्हणणार?

बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून भरडायची, तिखट-तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि तो घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर थापून खाटेवर वाळवायचा. हे एका घराचं काम नसतं. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. जी जाणार नाही, तिच्याकडे कुणी येणार नाही.

मी सकाळी पोचले तेव्हा अंगणात चूल पेटली होती आणि पातेल्यापाशी शोभा उभी होती. हातात लाकडी दांडा. घाटा घट्ट होत जातो तसा दांडा फिरवायला खांद्याचा जोर लागतो. बाकीच्या थापायला बसल्या होत्या. ढवळायचं काम तिच्याकडेच होतं. ते घरही तिचं नव्हतं, शेजारचं होतं.

उशिरा आलेली एक बाई तिला पाहून म्हणाली, "फ्रिजमाईन उनी का वं शोभा? जरा ऊब ले."

एसीची खोली म्हणजे त्यांच्या लेखी फ्रिज. सगळ्या हसल्या. शोभाही हसली आणि दांडा अधिक जोरात फिरवू लागली.

तिच्या सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणत, काटक आणि तुरतुरीत होत्या. पाण्याची कळशी कमरेवर घेऊन त्या माझ्याशी बोलायला थांबल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की शोभाची तब्येत बरी असते ना, फार काम पडत असेल.

"आमनी शोभाले काय तरास?" अक्का म्हणाल्या. "थंड हवामा बठी रहास दिनभर. बठ्ठी गल्ली जयस तिनावर."

गल्ली जळते, यात अक्कांना अभिमान होता. त्या अभिमानाची किंमत शोभा रविवारी चुकवत होती. ज्या गावात बाया उन्हात कापूस वेचतात आणि पुरुष केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहतात, तिथे एसीत स्टुलावर बसणारीची मान दुखते, हे वाक्य उच्चारण्याजोगं नव्हतं. म्हणून ती दुखत नसल्याचं दाखवायला कुणीही बोलावलं की ढवळायला उभी राहत होती. गल्लीनेही पाळ्या रविवारीच लावल्या होत्या, शोभा घरी असते म्हणून. रविवारी ती खांदा खर्ची घालायची आणि सोमवारी तो पुढे जायला नकार द्यायचा.

एका ताटलीत घाटा, वर कच्चं तेल, असं माझ्यासाठी आलं. मी ते घेऊन मागच्या दारी गेले. शोभा हात धुवायला आली होती. इथे तरी बोलेल असं वाटून मी मानेचं पुन्हा विचारलं. तरी ती नाहीच म्हणाली.

तेव्हा मी म्हटलं, "माझी दुखते. सहा महिने झाले. उशी बदलली, शेक घेतला. कंपनीत कुणाला सांगितलं नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चोरी कबूल केली. मग दाराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाली, "माझा हात रात्री सुन्न पडतो, मॅडम. वेणी घालता येत नाही. मुलगी घालून देते." आणि लगेच, "सरांना नका सांगू. शेडमध्ये टाकतील. ह्या बायांसमोरून ओल्या साडीने कशी येऊ?"

मी वचन दिलं.

सोमवारी कामाला लागले. आमची टेबलं उंच होती. नकाशा कुठूनतरी तयार आला होता आणि तो उंच माणसांसाठी होता. स्टुलं जळगावातच एका वेल्डरने एका मापाची बनवली होती. आमच्या बायका बसल्या की टेबल त्यांच्या छातीशी यायचं. हात आत न्यायचा तर खांदा उचलावा लागायचा, दिवसभर. मी वेल्डरला गाठलं, दोन स्टुलांचे पाय वाढवून घेतले आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली लाकडी खोकी ठेवली. एकावर शोभाला बसवलं, दुसऱ्यावर तिच्याइतक्याच ठेंगण्या एका मुलीला. टेबलावर वीतभर आत लाल टेप चिकटवली. शिवाय दर तासाला दोघींना काहीतरी निमित्त काढून उठवू लागले. हे आण, ते ठेवून ये.

मे महिना संपता संपता शोभाच्या बाटल्या स्वच्छ येऊ लागल्या. सोमवारच्या सुद्धा, बऱ्याचशा.

मी आकडे घेऊन चौधरी सरांकडे गेले. दोन मागण्या होत्या: सगळी स्टुलं उंच करणं, आणि दर तासाला थोडी अधिकृत विश्रांती. सरांनी आकडे नीट पाहिले. ते हुशार होते. स्टुलं तिथल्या तिथे मंजूर केली.

"स्टुलाचं समजलं," ते म्हणाले. "हात आत राहतो, हवा चांगली मिळते. विश्रांती कशाला?"

"सर, मान आणि खांदे दुखतात. स्टुलाने निम्मं कमी होतं. बाकीचं बसून बसून होतं."

"कुणाचे दुखतात?"

नाव द्यायचं नव्हतं. सगळ्यांचेच, असं मी म्हटलं.

"मग त्यांनाच विचारू," सर उठत म्हणाले. "खरंच दुखत असेल तर शेठजींशी मी बोलतो. शब्द देतो."

ते खरं बोलत होते, असं मला आजही वाटतं. जेवणाच्या सुट्टीत ते डबे खाणाऱ्या बायकांसमोर उभे राहिले आणि त्यांनी चांगल्या शब्दांत विचारलं. कुणाला मान, पाठ, खांदा, काही त्रास आहे का? सांगा. कुणाला काढणार नाही, शेडमध्ये टाकणार नाही.

एकीने डब्याचं झाकण लावलं. जी रोज घरी जाताना बाम चोळायची, आणि जिच्या वासावरून आम्ही सगळे तिची थट्टा करायचो, तीही गप्प होती. शोभा भाकरीचा तुकडा मोडत होती; तो मोडून झाल्यावरही मोडत राहिली.

"पाहिलंत?" सर मला म्हणाले.

"माझी दुखते," मी म्हणाले.

आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं होतं की एकीने सुरुवात केली की दुसरी बोलेल. प्रयोगशाळेत एक कण पडला की पसरतो. इथे तो पसरला नाही. माझे कान तापले. एम.एस्सी. झालेली, टेबलखुर्चीवरची मॅडम दिवसभर स्टुलावर राबणाऱ्या बायकांसमोर दुखण्याचं गाऱ्हाणं सांगते आहे, असं मलाच माझं चित्र दिसलं, आणि त्या चित्राची मला लाज वाटली.

सर सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, मग तुम्ही जरा आराम करा ना. आधी सांगायचं."

अशा रीतीने विश्रांती मंजूर झाली नाही. स्टुलं उंच झाली. फाइलमध्ये कारण लिहिलं गेलं: कन्टॅमिनेशन नियंत्रण. परदेशी प्रशिक्षणाला माझ्यानंतर लागलेला एक मुलगा गेला. लांबचा प्रवास तुम्हाला झेपणार नाही, असं सरांनी मला काळजीच्या सुरात समजावलं. ती काळजी खोटी नव्हती, त्यामुळे भांडताही आलं नाही.

गोष्ट तिथेच थांबली नाही. पावसाळ्यात धुळ्याला घरी गेले असताना एका स्थळाकडची मंडळी मला पाहायला आली. मुलगा बँकेत. बोलणं चांगलं चाललं होतं. चहा झाल्यावर मुलाच्या आत्याने माझ्या आईला विचारलं, "मुलीच्या मानेचं काहीतरी ऐकलं. आमच्या नात्यातला एक जण तिच्याच कंपनीत पॅकिंगला असतो."

"छे हो," आई म्हणाली. "कुणी सांगितलं? ठणठणीत आहे. घरचं सगळं करते."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून होकार दिला. हलवताना कळ आली. ती चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी कप उचलून आत गेले. ओट्याशी उभी राहिले तेव्हा मला डबा खाणाऱ्या त्या बायका आठवल्या. त्यांच्यावर मी मनातून रागावलेली होते. एवढी संधी दिली आणि एकीनेही तोंड उघडलं नाही म्हणून. माझ्यापाशी तर पदवी होती, पगार होता, समोर कुणी सर नव्हते. फक्त एक आत्या होती. ते स्थळ पुढे गेलं नाही, पण त्याचं कारण दुसरं होतं.

कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागवडीच्या, सुमारास शोभाने काम सोडलं. तिचं काम शेवटपर्यंत स्वच्छ होतं. सरांनीही तिला थांबायला सांगून पाहिलं. तिने कारण दिलं की सासूबाईंचे गुडघे फार दुखतात, घरी बघायला कुणी नाही. ते ऐकून चौधरी सर हळहळले. वडीलधाऱ्यांचं दुखणं, काय करणार, असं म्हणाले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. कळशी कमरेवर घेऊन तुरतुर चालणाऱ्या अक्का माझ्या डोळ्यांसमोर होत्या. सोडून जातानाही शोभाला दुखणं दुसऱ्याचं घ्यावं लागलं, स्वतःचं चाललं नाही. तिने जाताना माझ्याकडे पाहून नजर खाली वळवली, आणि मीही.

तिच्या जागेवर नवी मुलगी आली. मग आणखी आल्या. मी अजून त्याच खोलीची इनचार्ज आहे. दुखतं का, असं मी आता कुणालाच विचारत नाही. त्याचं उत्तर मला पाठ आहे. मी दुपारनंतर टेबलापाशी जाते आणि म्हणते, "हात टेपच्या पलीकडे नेऊन दाखव." हात गेला नाही तर तिला उठवून स्टोअरमधून काहीतरी आणायला पाठवते. ती जाते, पाय मोकळे करून येते, पुन्हा बसते. तिच्यासाठी ते स्टोअरचं काम असतं. कुणालाही काही कबूल करावं लागत नाही.

माझ्या स्वतःच्या टेबलालाही अशी टेप लावावी, असं मनात येतं. पण मग कुणीतरी विचारेल की ती कशासाठी लावली.